तोंड फिरवणारा तांडेल

उरण, ६ जानेवारी २०२५

आदरणीय गोवर्धन मढवीकाका,

सलाम आणि नमस्कार.

मी तबरेज तुंगेकर. नव्या चित्रपटात तुमच्या काळ्या तांडेलचं काम करणारा, म्हणजे सध्या नवी मुंबईत ज्याच्या नावानं सगळ्यात जास्त शिव्या घातल्या जातात तो. तुमच्या घरी फोन केला तर पूर्वीताईंनी उचलला. त्या म्हणाल्या, "बाबांना फोनवर कानातल्या यंत्राच्या शिट्टीशिवाय काही ऐकू येत नाही. पत्र लिहा, पत्राला ते उत्तर देतातच."

हे मला ठाऊक होतं. तुमच्या 'खाडीवीर' या चित्रकथांच्या मासिकाच्या शेवटच्या पानावर 'तांडेलचं टपाल' असायचं. मुलं हिरोला सोडून खलनायकाला पत्र लिहायची आणि तुम्ही तांडेलच्या आवाजात घरपोच उत्तर पाठवायचात. १९९९ साली, दहा वर्षांचा असताना, मी विचारलं होतं, "तांडेल, तुझा गाल दुखतो का?" कार्डावर उत्तर आलं, "मला दुखत नाही, पोरा. मी दुखवतो." ते कार्ड मी अख्ख्या शाळेला दाखवत फिरलो होतो.

नाताळात चित्रपट लागला आणि दुसऱ्याच दिवशी धुमाकूळ सुरू झाला. तांडेलचं अर्धं हसू कुठे गेलं? तो मूठभर मीठ फेकून समोरच्याला आंधळा करायचा, ते का नाही? आणि सगळ्यात मोठा राग म्हणजे माझा तांडेल बोलताना भाजलेला गाल पलीकडे फिरवतो. 'तोंड दाखव तांडेल' असे फलक घेऊन वाशीच्या थिएटरबाहेर लोक उभे राहिले. चाळिशीतली, पोटं सुटलेली माणसं, काका, आणि काहींच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. एकानं मला कुरिअरनं काळ्या रंगाचा डबा पाठवला. चिठ्ठीत लिहिलं होतं, "लाज वाटत असेल तर हा तोंडाला फास."

हे सगळं मी सोसलं असतं. पण कोपरखैरण्याच्या कल्पेशभाईंनी, म्हणजे तांडेलप्रेमी मंडळाच्या अध्यक्षांनी, तुमचं सहीचं निवेदन छापलं. "माझ्या तांडेलनं कधी कुणापुढे तोंड फिरवलं नाही. पडद्यावरचा हा माणूस माझा नाही." ते वाचून निर्माते दुसरा भाग वेगळ्या नटाला द्यायचं बोलू लागलेत. एप्रिलमध्ये ठरेल.

काम जाऊ नये असं मला वाटतंच, खोटं कशाला बोलू. पण विचारायचं दुसरंच आहे. तांडेलचा चेहरा काढताना तुमच्या डोळ्यांपुढे कोण होतं?

तुमचा,
तबरेज

*

बोनकोडे, १५ जानेवारी २०२५

श्री. तबरेज तुंगेकर यांस,

तुमचं अक्षर चांगलं आहे. हल्ली नटांना वाचता येतं एवढ्यावरच लोक खूष असतात.

चित्रपट मी पाहिला आहे. पूर्वीनं घरच्या टीव्हीवर लावून दिला, खाली अक्षरं आणून. तेव्हा न बघता सही केली असा समज असल्यास तो काढून टाका. तुम्ही काम वाईट केलेलं नाही. पण तुम्ही तांडेलला लाजवलं आहे. खलनायकानं लाजायचं नसतं. तो लाजला की मुलांना त्याची कीव येते, आणि कीव आली की खाडीवीरानं त्याला बुडवलेलं बघवत नाही. मग महिन्याला बत्तीस पानं कशाच्या जोरावर काढायची? मी ती सव्वीस वर्षं काढली.

कल्पेश परवा पुन्हा आला होता. त्याच्याकडे सगळे अंक आहेत, प्लास्टिकच्या पिशवीत घालून. "काका, आमचं लहानपण वाचवा," म्हणाला. या वयात कुणाला काही वाचवायला सांगितलं की माणूस फुशारतो. मीही फुशारलो असेन.

चेहऱ्याचं विचारता. तो कुणाचाही नाही. चित्रकाराच्या डोक्यात शंभर चेहरे असतात, त्यातला एक. सर जे.जे.त शिकत असताना वहीच्या कोपऱ्यात काढला आणि तो राहिला.

आता मी विचारतो. मान अशी डावीकडे वळवून, हात कानापाशी नेऊन बोलायचं, हे तुम्हाला कुठल्या दिग्दर्शकानं शिकवलं?

गो. मढवी

*

उरण, २४ जानेवारी २०२५

गोवर्धनकाका,

दिग्दर्शकानं नाही शिकवलं. पहिल्या पत्रात मी एक गोष्ट लपवली, ती आता सांगतो. मला बघायचं होतं तुम्ही आपणहून सांगता का.

माझे अब्बा, बदरुद्दीन तुंगेकर, यांचं उरण बाजारात दोरखंड आणि जाळ्यांचं दुकान होतं. दुकानाच्या मागच्या पडवीत देवजीबाबा जाळी विणायला बसायचे. डाव्या गालाचं कातडं आकसलेलं, डोळा जवळजवळ मिटलेला, ओठ वर ओढला गेल्यामुळे दोन दात कायम दिसणारे. गिऱ्हाइकाबरोबर लहान मूल असलं की ते मान फिरवून, हात कानापाशी नेऊन बोलायचे. मुलाला चांगली बाजू दिसावी म्हणून. एखादं मूल तरीही रडलं तर ते उठून पाणी प्यायला जायचे, तहान नसताना. माझ्या सगळ्या लहानपणात मी हे बघितलं आहे. चित्रपटात मी जे केलं ते एवढंच.

एकदा तुमचा अंक मी दुकानात विसरलो. धावत परत आलो तर देवजीबाबा तो वाचत होते. मला वाटलं, आता हे फाडतील. त्यांनी शेवटच्या पानापर्यंत सावकाश पाहिलं, अंक मिटला आणि म्हणाले, "हात चांगला हाय पोराचा." कुठल्या पोराचा, ते मी विचारलं आणि त्यांनी सांगितलं नाही.

पुढे अब्बांकडून कळलं की ते मूळचे शिरवण्याचे, आडनाव मढवी. तुमच्या अंकावर तुमचं नाव असायचं आणि खाली गाव, शिरवणे.

ते आता पंच्याऐंशीचे आहेत. करंज्याला राहतात, एकटेच. माझी बहीण साबिरा तिथल्या शाळेत शिकवते, ती रोज त्यांच्याकडे डोकावते. माझ्या कामाचं राहू द्या, काका. तुमचं निवेदन मागे घेऊ नका हवं तर. पण तो चेहरा कुणाचाच नाही, असं पुन्हा लिहू नका.

तबरेज

*

बोनकोडे, १८ मार्च २०२५

चि. तबरेज,

दोन महिने उत्तर दिलं नाही. माझ्या आयुष्यात हे पहिल्यांदा झालं. पूर्वी रोज विचारायची, त्या मुलाला लिहिलंत का, आणि मी वर्तमानपत्र तोंडापुढे धरायचो.

देवजी माझा चुलतभाऊ. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. १९५९ साली सारसोळ्याच्या खाडीवर त्याची होडी उलटी घालून तळाला डांबर लावायचं चाललं होतं. तीन दगडांवर डबा उकळत होता, तो खाली वाकून फटी बुजवत होता. मी अकरा वर्षांचा. जळक्या काठीनं होडीच्या अंगावर घोडा काढत होतो. घोडा साधला म्हणून लांबून कसा दिसतो ते बघायला मागे सरलो आणि माझी टाच डब्याला लागली.

घरी त्यानं सांगितलं, माझाच धक्का लागला. मी गप्प बसलो. सगळ्यांनी मला जवळ घेतलं, पोरगं घाबरलंय म्हणून.

त्यानंतर मला दुसरा भीतिदायक चेहरा काढताच आला नाही. राक्षस काढला तरी देवजीदादा व्हायचा. 'खाडीवीर' सुरू झालं तेव्हा तोच चेहरा दिला, आणि तो लोकांना आवडला. वर्षभरात शिरवण्याची पोरं त्याच्या मागे ओरडत फिरायला लागली. माझ्या धाकट्या बहिणीच्या हळदीला तो मांडवात आला तर पोरांनी गिल्ला केला, "तांडेल आला, काळा तांडेल आला!" सगळा मांडव हसला. मीही हसलो, तबरेज. मी मुंबईहून आलेला, नवी पँट घातलेला, कौतुकाचा चित्रकार होतो. तो जेवला नाही. पुढच्याच वर्षी त्यानं गाव सोडलं. कुठे गेला ते घरातल्यांना माहीत असावं. मी कधी विचारलं नाही.

आता झाकायचं काही उरलं नाही. हे सगळं मी चार पानांत लिहून काढलं, देवजीदादाच्या नावगावासकट, आणि काल कल्पेशला बोलावून त्याच्या हातात दिलं. निवेदन मागे घेतो, तोंड फिरवणारा तांडेलच खरा आहे, असं शेवटी स्पष्ट लिहिलं आहे. तो वाचता वाचता रडला. मंडळाच्या पानावर आणि वर्तमानपत्रात, दोन्हीकडे छापणार आहे.

तुझं काम टिकेल. आणि मला सहासष्ट वर्षांनी छाती मोकळी झाल्यासारखी वाटते आहे. आज दुपारी मी चक्क झोपलो.

तुझा,
गोवर्धनकाका

*

उरण, २ एप्रिल २०२५

काका,

तुमची छाती मोकळी झाली. करंज्याला काय झालं ते सांगतो.

तुमचा लेख शुक्रवारी आला. रविवारी सकाळी देवजीबाबांच्या दारात चाळीसेक मोटारसायकली होत्या. पनवेल, ऐरोली, कुठून कुठून आलेले. कल्पेशभाई पुढे, हातात हार. 'खरा तांडेल अमर रहे' अशा घोषणा. देवजीबाबा जाळं घेऊन ओट्यावर बसले होते, त्यांना उठून आत जायलासुद्धा वेळ मिळाला नाही. हार घातला, शाल घातली, पाया पडले. मग प्रत्येकाला फोटो हवा होता. पोरं शेजारी बसून मान फिरवून, हात कानापाशी नेऊन फोटो काढत होती. माझी नक्कल करत होती, काका, त्यांच्या शेजारी बसून. एक बाई लांबून आपल्या मुलाला म्हणत होती, "घाबरू नको, बघ, ते चांगले आहेत." साबिरानं हात जोडून, मग ओरडून सगळ्यांना घालवलं. संध्याकाळी आणखी आले.

फलकांवर मला लाज वाटायला सांगणारेच हे लोक. आता ते माझ्या तांडेलसाठी रडतात. निर्माते तर हवेत आहेत. दुसरा भाग माझाच, आणि जाहिरातीत खरे देवजीबाबा हवेत म्हणाले. मी सांगितलं, त्यांच्या दारात कुणी गेलं तर मी काम सोडीन. खरंच सोडीन.

आज दहा दिवस झाले, देवजीबाबा घराबाहेर पडलेले नाहीत. दार आतून लावून घेतात. साबिरा डबा देते तो खिडकीतून घेतात.

लेख छापायच्या आधी तुम्ही त्यांना विचारलं होतं का? मला माहीत आहे, नाही. पण तुम्हाला बोलायचा मला काय हक्क? त्यांची मान मी पडद्यावर नेली तेव्हा मीही विचारलं नव्हतं. मला वाटलं, प्रेमानं करतोय तर चालतं.

त्यांनी साबिराला एकच विचारलं, "त्याचा काय कागद आला?" मी तुमचा लेख दाखवायला सांगितला, तर म्हणाले, "तो पेपर झाला. कागद आला का?"

कागद पाठवा, काका. साबिरा वाचून दाखवेल.

तबरेज

*

बोनकोडे, ११ एप्रिल २०२५

देवजीदादा,

काय म्हणून सुरुवात करू, कळत नाही. सव्वीस वर्षं मुलांना उत्तरं लिहिली आणि तुला एक ओळ लिहिली नाही.

पेपरात सगळं छापून मी पुन्हा तेच केलं. तुझा चेहरा पहिल्यांदा लोकांना दिला तेव्हा नाव झालं, दुसऱ्यांदा दिला तेव्हा मन हलकं झालं. दोन्ही वेळा फायदा माझा. हे मला तबरेजचं पत्र येईपर्यंत समजलं नाही, इतका मी मूर्ख आहे. कल्पेशला बोलावून मी ताकीद दिली आहे. तो खाली मान घालून गेला. त्याला तरी काय बोलू, पत्ता मीच दिला होता.

एक गोष्ट लेखात लिहिली नाही. ती तुलाच सांगायची आहे. डबा कलंडला तेव्हा मी पळालो आणि तिवरांत जाऊन लपलो. चिखलात छातीपर्यंत. तिथून तू मला ऐकू येत होतास. तू माझं नाव घेऊन ओरडत होतास. गोवर्धन, गोवर्धन, पुन्हा पुन्हा. मला वाटलं, तू मला शोधतोयस, सापडलो की जिवे मारशील. तुझं तोंड उघडं, अर्धं काळं. मी फांद्यांमधून पाहिलं आणि डोळे मिटले. लोक तुला उचलून घेऊन गेले तरी मी अंधार पडेपर्यंत बाहेर आलो नाही.

तांडेलचं ते तोंड तिथलं आहे. तो रागानं माझ्या मागे लागला आहे, असंच मी आयुष्यभर काढत राहिलो. दर महिन्याला त्याला हरवायचो आणि दर महिन्याला तो परत यायचा.

माफी कशी मागायची ते मला कळत नाही. तू सांगशील तसं करीन. काहीच नको म्हणालास तर तेही ऐकेन.

तुझा धाकटा भाऊ,
गोवर्धन

*

करंजा, २ मे २०२५

गोवर्धनकाका,

मी साबिरा. देवजीबाबा बोलतायत, मी लिहितेय. त्यांनी बजावलंय की माझी मास्तरीण मधे आणायची नाही, जसं बोलतील तसंच लिहायचं.

गोवर्धन,

तुझा कागद साबिरानं दोनदा वाचला. दुसऱ्यांदा मीच वाचाय सांगितला.

पेपरात तू माफी मागितलीस ती कोनाची? माझी, तर मना कशी आधी मिळाली नाय? आपल्यात काय करतात, ईसरलास? भांडान मिटवायचा तर त्याच्या घरा जायाचा, उंबऱ्यावर बसायचा आनि पानी मागायचा. पानी दिला तर मिटला, नाय दिला तर परत दुसऱ्या दिवशी जायाचा. तू गावाला सांगितलास नि घरा झोपलास.

ती पोरा वाईट नव्हती. एक पोरगी तर रडत व्हती. पन बोलला कोन नाय. आधीची पोरा मना बघून पळायची, ही बघून फोटो काढतात. बाबा, जेवलास काय, येवढा एकानं पन विचारला नाय. आता दार उघडलाय मी. किती दिवस बसनार आत, जाळी पडून व्हती.

डबा तुझ्या टाचेनं पडला ता मना तवाच माहीत हाय. मी खाली वाकलो व्हतो, तुझी टाच माझ्या डोळ्यापुढं व्हती. घरात खोटा सांगितला कारन तुझ्या बापसानं तुला फोडून काढला असता. त्यात मोठा काय नाय, तुझ्या जागी मी असतो तर तू पन सांगितला असतास.

चित्राचा पन मना येवढा वाटला नाय. तुझा हात चांगला हाय, पयल्यापास्ना. राग हाय तो हळदीचा. पोरा वरडली, ती पोराच. तू हसलास. ता मी बघितला. तू पेपरात लिवलास म्हनून बरा झाला, नायतर मी समजत व्हतो तुला आठवत पन नसंल. तो राग अजून गेला नाय. खोटा कशाला सांगू.

पन तिवरांचा तू जो लिवलास ना, ता ऐकून मी साबिराला थांब बोललो. तू येवढी वर्षां ह्या समजत व्हतास?

अरे, डांबर तोंडावर आला तवा मना काय दिसंना. तू बाजूलाच उभा व्हतास. मना वाटला डबा तुझ्या पन अंगावर गेला, तू पन भाजलास, कुठं पडलास. म्हनून मी तुझा नाव घेऊन वरडत व्हतो. मानसा मना उचलाय आली त्यांना पन मी तोच सांगत व्हतो, माझा राहू दे, आधी पोराला बघा. त्यांना काय कळला नाय, माझा ओठ हालत नव्हता.

मी तुला हाका मारल्या, गोवर्धन. तू ओ दिली नाय. सहासष्ट वर्षां झाली. आता तरी दे.

देवजी